दाराची फाइल

मॅडमनी तिसऱ्यांदा बटण दाबलं, तरी पडद्यावर तेच: फाइल मास्तरांनी चेक-आउट केली आहे, म्हणजे दुरुस्तीसाठी स्वतःच्या नावावर घेतली आहे; ते कमिट करेपर्यंत, म्हणजे बदल कंपनीच्या साठ्यात जमा करेपर्यंत, दुसऱ्या कुणालाही बदल करता येणार नाही.

आता बोला! मास्तरांना, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमरना, नारळ देऊन आठवडा झाला होता. त्यांच्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून तो नव्या मुलीला दिला होता. कुलूप मात्र अजून त्यांच्याच नावानं लटकत होतं. आणि तिकडे गिऱ्हाइकाच्या इमारतीत त्यांच्या प्रोग्रॅमवर चालणारी लिफ्ट मजल्यापासून हातभर वर असतानाच दार उघडत होती. सकाळी एक आजी पडल्या, तेव्हा लिफ्ट बंद करावी लागली.

कुलूप तोडायचा अधिकार मॅडमना होता. पण आधी त्यांनी फोन लावला.

"मास्तर, ती दाराची फाइल... तुम्ही काही केलं होतं का तिच्यात?"

"म्हणजे काय! दुखणं सापडलं होतं की. लिफ्ट पुरती थांबायच्या आधीच दाराला हुकूम जात होता. दोन ठिकाणी दुरुस्त केलं."

"मग कमिट का नाही केलंत?" मॅडमचा आवाज चढला.

"तूच म्हणालीस ना, पुन्हा घोळ नको, दहादा तपासा म्हणून? तपासतच होतो गं."

मॅडमना ती मीटिंग आठवली. मास्तरांच्या एका चुकीनं सगळ्यांचं काम अडलं होतं, तेव्हा भर मीटिंगमध्ये त्याच म्हणाल्या होत्या, "आता मास्तरांचा पेपर कोण तपासणार?" सगळे खो खो हसले. मास्तरही हसले. पुढे ते फार वेळ लावतात म्हणून वर तक्रार केली, तीही मॅडमनीच. स्वतःच्या जिभेची त्यांना लाज वाटली.

"काय बदललं होतं, आठवतंय?"

"एक जागा आठवते. दुसरी... थांब हं." ते फाइलमधल्या ओळी पुटपुटत राहिले. "नाही गं. समोर फाइल असली की हात आपोआप चालतात."

'या ना इकडे' असं म्हणायला मॅडमनी तोंड उघडलं. पण कुठल्या तोंडानं म्हणणार? आठवली तेवढी जागा लिहून घेतली, फोन ठेवला आणि कुलूप तोडलं.

फाइल उघडली. जुनीच होती. मास्तरांच्या दुरुस्तीचा मागमूस नव्हता; ती त्यांच्या पुसलेल्या कॉम्प्युटरबरोबरच गेली होती. बाजूला आजवरच्या कमिटची यादी होती. तिथलं काहीच कधी पुसलं जात नाही. सगळ्यात वर मास्तरांची शेवटची नोंद: 'माझ्या चुकीमुळे सर्वांचा खोळंबा झाला. चूक दुरुस्त केली आहे. क्षमस्व.'

नवी मुलगी मागे येऊन उभी राहिली होती. तिनं ती ओळ वाचली.

"हेच का ते, मॅडम, माझ्या जागेवर बसायचे ते? चुका करणारे?"