चार बोटं मागं

"चार बोटं." सिस्टरनी बोटं जुळवून मेकॅनिकच्या नाकासमोर धरली. "तीन नाही, पाच नाही. सीट बरोबर चार बोटं मागं घ्या."

"काकू, मग तुमचे पाय पेडलला पोचतील का?"

"ते माझं मी बघते. तुम्ही नट सोडवा."

गॅरेजमधल्या बाकावर मास्तर उजवा पाय लांब करून बसले होते. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. पाय फार वेळ दुमडून ठेवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि या गाडीत पाय न दुमडता बसणं मास्तरांना कधी जमलंच नव्हतं. मास्तर सहा फूट दोन इंच, सिस्टर पावणेपाच फूट. त्या काळच्या गाड्यांना पुढं एकच सलग सीट असायची, दिवाणासारखी. हिला तर पुढं-मागं सरकवायची सोयही नव्हती.

गाडी सिस्टर चालवत. घरोघरी जाऊन बाळंतिणी तपासायच्या, ही त्यांची नोकरी. मास्तरांनी स्टिअरिंगला एकदाच हात लावला होता. त्यांच्या फाटकाचा खांब तेव्हापासून वाकडा आहे. मग ते जन्मभर शेजारी बसले, गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकवून.

"खुर्ची घडीची मिळते, तसा आमचा नवरा घडीचा," सिस्टर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "कुठंही मावतो."

"ज्यानं ही गाडी बनवली ना, त्याची बायको बुटकी असणार," मास्तर म्हणत.

दर रविवारी दोघं तळ्यापर्यंत फिरून येत. बोलणं सगळं त्या रस्त्यावर होई. मुलांची लग्नं त्याच रस्त्यावर ठरली, भांडणं तिथंच मिटली. ऑपरेशननंतर ते बंद पडलं. एकदा मास्तरांनी मागच्या सीटवर आडवं बसून बघितलं. सिस्टर पुढून ओरडत, मास्तर मागून "काय?" म्हणत. अर्ध्या वाटेतून गाडी परत आली. पुढच्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी विचारलं, गाडी विकता का? मास्तर म्हणाले, "देऊन टाक. मला काय, घरात पेपर आहे." ते आता टेंडरच्या नोटिसासुद्धा वाचत होते. ते पाहिलं आणि सिस्टरनी दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला आणली.

मेकॅनिकनं सीट उचलून बाहेर ठेवली. खालची चटई गुंडाळली. नवी भोकं पाडायला खडूनं खुणा करायला वाकला आणि तसाच थांबला.

"काका, इथं आधीच भोकं आहेत."

मास्तरांनी पेपर तोंडासमोर धरला.

"चार आहेत. बरोबर चार बोटं मागं. वर रबराची बुचं मारलीत. कसली म्हणायची ही बुचं?"

"परीक्षानळीची," सिस्टर म्हणाल्या. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे.

"म्हणजे सीट मुळात मागंच होती की. ही कंपनीची भोकं, बघा कशी एका रेषेत आहेत. पुढची मागाहून पाडलीत कुणीतरी. एक इकडं, एक तिकडं. कोण कारागीर होता हो?"

पेपर हळूहळू खाली आला.

"कारागीर नव्हता. मी होतो." मास्तर बोलत होते मेकॅनिकशी. सिस्टरकडे बघायचं त्यांनी टाळलं. "लायसन्सच्या परीक्षेत ही दोनदा नापास झाली होती. पाय पोचत नव्हते, ब्रेक लागायचा नाही. लायसन्स नाही तर नोकरी नाही, असं खात्याचं पत्र आलं होतं. तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी शाळेतलं हातानं फिरवायचं ड्रिल आणलं. ही भाजी आणायला गेली होती."

"आणि काकूंना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर हिला वाटलं असतं, सीट पास झाली. मला ही पास व्हायला हवी होती. मग नंतर सांगायचं राहून गेलं."

"किती वर्षं?"

"एकेचाळीस."

मेकॅनिकनं मास्तरांच्या लांबलचक पायांकडे पाहिलं, मग गाडीच्या डॅशबोर्डकडे. त्यानं पुढची भोकं बुजवायला घेतली. मास्तरांनी सिस्टरकडे चोरून पाहिलं. प्रयोगशाळेत काच फुटली की पोरं त्यांच्याकडे जशी बघत, अगदी तसं.

सिस्टरनी पिशवी उघडली. आतून लाकडाचे तीन ठोकळे काढले. सुताराकडून घासूनपुसून आणलेले, प्रत्येकाला खाली पत्र्याची पट्टी.

"हे तिन्ही पेडलवर पक्के आवळून द्या. हलता कामा नयेत."

मेकॅनिकनं एक ठोकळा हातात घेऊन त्याच्या कडेला बोटं लावून पाहिली. चार बोटं भरली. "काकू, हे आधीच का नाही केलंत? काकांचे गुडघे वाचले असते."

"ठोकळे लावून गाडी चालवायची लाज वाटायची," सिस्टर म्हणाल्या. "आता या वयात कोण बघतंय."

मास्तर ठोकळ्याकडे बघत राहिले. मग सीटच्या रिकाम्या जागेकडे.

"थांब जरा. ठोकळे चार बोटांचे. आल्या आल्या यालाही तू चार बोटंच सांगितलीस. आणि चटई तर आत्ता निघाली. तुला माप कुठून कळलं?"

सिस्टरनी पिशवीचा बंद ओढून घट्ट केला.

"परीक्षेच्या दिवशी सकाळी गाडीभर लोखंडाचा कीस पडला होता. चटई उचलून तो कुणी झाडला असं वाटलं तुम्हाला?"