विजोडचं उदाहरण

"आबा, आता जेवूनच जायचं," मंजुषा म्हणाली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं.

लग्नानंतर बहिरूआबा पहिल्यांदाच लेकीच्या इंदिरानगरच्या घरी आले होते. मळ्यातली वांगी घेऊन, मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात. पुढच्या खोलीत जावयाची, शेखरची, दहावीची शिकवणी चाललेली. तिथून मातीच्या पायांनी कसं यायचं?

"सुखी हाये ना गं तू?" आबांनी हळूच विचारलं. हे लग्न त्यांच्या मनाविरुद्ध झालेलं. विजोड हाय, शिकलेला मास्तर तुला हिणवंल, असं ते म्हणाले होते. मंजुषा जेवण सोडून बसली, तेव्हा कुठे हो म्हणाले.

"आबा, यांनी मला एका शब्दानं कधी कमी लेखलं नाय," ती ठसक्यात म्हणाली.

तेवढ्यात बाहेरून एका मुलीचा आवाज आला, "सर, विजोड म्हणजे काय?"

घ्या! नेमका तोच शब्द.

शेखरचा आवाज खणखणीत. "‘वि’ म्हणजे बिघडलेलं. ‘जोड’ म्हणजे जोडी. जुवाला एक बैल उंच, एक ठेंगणा जुंपला, तर नांगर सरळ चालेल का? ती जोडी विजोड."

आबांनी मान डोलावली. "बराबर सांगत्यात."

"सर, अजून एक उदाहरण!"

"आमचंच घर घ्या की! मी एम. ए. मराठी, आणि आमची ही अजून पाहुण्यांसमोर ‘लय’ नि ‘नाय’ करते. जू दोघांच्या मानेवर, ओढतोय मी एकटा!"

पोरं खो खो हसली.

मंजुषाच्या हातातली गाळणी हातातच राहिली. अरे माणसा, तुझ्यासाठी मी बापाशी भांडले! आणि तू परक्या पोरांसमोर माझी अशी थट्टा करतोस? रोज करत असशील, मी आज ऐकलं एवढंच. तिच्या अंगाचा जाळ झाला. आबांकडे बघायची हिंमत होईना. आता ते म्हणणार, मी सांगितलं नव्हतं? म्हणू देत. त्यांचा हक्कच आहे.

आबांनी पिशवीतलं एक वांगं उगीचच हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"मंजे, हल्ली लय कमी ऐकू येतंय गं मला. जावई काय शिकवत्यात, कायबी समजत नाय."