इथूनच बघत बस

गॅलरीच्या उंबरठ्याला अडखळून पडल्यापासून म्हातारीला गॅलरी बंद होती. लेकानं चिमण्यांसाठी टांगलेल्या वाटीसमोर कॅमेरा बसवला, पलंगाशी टॅब ठेवला. “आता चिमण्या इथूनच बघत बस!” चार दिवसांत दाणे संपले. एक चिमणी रिकामी वाटी टोचून टॅबमधून तिच्याकडे बघू लागली. तिनं लेकाला फोन लावला. “रविवारी येऊन भरतो. तू उठायचं नाहीस.” “तोवर त्यांना काय उपास घडवू?” तिनं फोन गाऊनच्या खिशात टाकला, दुसऱ्या खिशात बाजरी भरली आणि वॉकर ओढला. उंबरठ्याशी देव आठवला, पण ती मागे फिरली नाही. वाटी शिगोशीग भरून ती खुर्चीत ऐसपैस बसली. तोच खिसा खणखणला. “आई, तू कॅमेऱ्यात? आत जा आधी!” “नीट दिसतेय ना?” तिनं कॅमेरा स्वतःकडे वळवला. “मग तू तिथूनच बघत बस.”