फणसाची कॉमेंट्री

"खोका, काका. जोर लावून खोका," दर्शना सिस्टर म्हणाल्या.

गुणाजींनी उशी छातीशी धरली, घशातल्या घशात बारीक आवाज केला आणि डोळे मिटून घेतले.

"हा खोकला नाही. ही तुम्ही माझी समजूत काढलीत."

बायपास व्यवस्थित झाली होती. आता अडलं होतं ते खोकल्यापाशी. दुखेल या भीतीने माणूस खोकतच नव्हता आणि छातीत कफ साठत चालला होता. संध्याकाळपर्यंत सुटला नाही तर नळी घालून काढावा लागेल, असं डॉक्टर राउंडला सांगून गेले होते. न्यूमोनियाचं नावही त्यांनी घेतलं होतं. प्राचीने बापाला विनवलं, रागावून पाहिलं, शेवटी आईची शपथ घातली. गुणाजी ढिम्म. गणपतीच्या गर्दीत लालबागमधून बेस्टची बस काढणारा माणूस खोकल्याला घाबरला होता.

या प्राचीला एक नाद होता. कुठेतरी, कुणीतरी केलेला, कुणाला फारसा माहीत नसलेला विनोद शोधून काढायचा आणि लोकांच्या गळी उतरवायचा. ऑफिसात, चाळीत, घरच्या ग्रुपवर ती लिहायची, "हे बघाच. हे कानात लावून ऐका." खाली अंगठे यायचे. बघायचं कुणी नाही. चुलतभाऊ हितेंद्रने तर तिला म्यूट केलं होतं आणि तसं तोंडावर सांगितलंही होतं.

सिस्टर निघाल्या तशी प्राची त्यांच्या मागे धावली.

"सिस्टर, हसलं तर टाके तुटतात?"

"खोकून तुटत नाहीत ते हसून कशाला तुटतील? उशी घट्ट धरायला सांगा. हसता हसता खोकला आला तर मला हवाच आहे."

प्राची परत कॉटपाशी आली ती मोबाइल काढतच. नुसतं आपल्याला आवडलेलं आता चालणार नव्हतं, ते लागू पडायला हवं होतं.

आधी तिने एक मुकी फिल्म लावली. एक लांबुडका माणूस शहाळं घेतो आणि ते फोडायला सगळं शहर पालथं घालतो. गुणाजींनी गंभीरपणे बघितली.

"शहाळेवाल्याकडनंच का नाय फोडून घेतलं?" त्यांनी विचारलं.

मग दोन बायकांचा ऑडिओ. दोघी बंद पडलेल्या लिफ्टमध्ये उभ्या राहून लिफ्टच्या तब्येतीची चौकशी करतात.

"यांना कामधंदा नाय?"

प्राचीने ओठ चावला. एक गोष्ट उरली होती. मालवणकडचा एक मुलगा गावातल्या भानगडींची क्रिकेटसारखी कॉमेंट्री करतो, अगदी शांत आवाजात, जराही न हसता. त्यातला एक भाग ऐकून ती ऑफिसच्या जिन्यात एकटीच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. तो मात्र तिने घरच्या ग्रुपवर कधीच टाकला नव्हता. त्यात दोन भाऊ होते आणि बांधावरचा एक फणस. गुणाजी आणि त्यांचा थोरला भाऊ बांधावरच्या फणसावरूनच बोलायचे थांबले होते. आज, या छातीला, हे ऐकवायचं?

तिने एक इयरफोन बापाच्या कानात घातला, दुसरा आपल्या.

"बाबा, नको वाटलं तर लगेच काढा."

"थोरले बंधू कोयता घेऊन बांधावर उतरलेले आहेत," आवाज सांगू लागला. "धाकटे बंधू अजून चहा पितात. फणस दबावाखाली दिसत नाही."

गुणाजींनी खाडकन डोळे उघडले. चेहरा आवळला. प्राचीचा हात बंद करायला पुढे गेला. त्यांनी तो बाजूला सारला.

"मोजणीला आलेले साहेब गरे खाऊन खाटेवर झोपलेले आहेत. त्यामुळे खेळ थांबलेला आहे. धाकटे बंधू दुसरा चहा मागवतात."

आधी पोट हललं. मग उशी.

"बंद कर गो, दुखता," गुणाजी म्हणाले, आणि इयरफोन हाताने कानात आणखी आत दाबला. हसू फुटलं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही, आणि त्या हसण्यातूनच खोल तळातून खोकला उसळला. कॉट गदगदली. दर्शना सिस्टर ट्रे घेऊन धावल्या. एकदा, पुन्हा एकदा. कफ सुटला.

"शाब्बास काका. आणखी एकदा."

"थांबा हो. फणसाचं काय झालं ते ऐकू दे."

सिस्टरांनी स्टेथोस्कोप लावून छाती ऐकली, पाठ ऐकली. "नळी टळली असं वाटतंय. डॉक्टरांना बोलावते," म्हणाल्या आणि लगबगीने गेल्या. प्राचीला वॉर्डभर धावत सुटावंसं वाटत होतं.

गुणाजी डोळे पुसत होते. "मीच तो," ते स्वतःशीच म्हणाले. "असाच चहा पीत बसलेलो."

शेजारच्या कॉटवरचे जयवंतराव कोपरावर रेलून हे सगळं बघत होते. त्यांचं ऑपरेशन उद्या होतं आणि सकाळपासून ते कुणाशी अक्षर बोलले नव्हते.

"पोरी," ते म्हणाले, "मला काय ऐकायला देशील?"

हे प्राचीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने स्टूल ओढलं, त्यांच्याजवळ नेलं, बसली. बाबांना लागू पडला होता तो त्यांच्याच भांडणाचा विनोद.

"आधी सांगा," ती म्हणाली, "तुम्हाला राग कशाचा येतो?"

जयवंतराव नीट उठून बसले.