पाहुण्यांसाठी ढोल

"पाणी वरून खाली येतं, परत वर जात नाही. या वॉटरफॉल पद्धतीत कामही तसंच, टप्प्याटप्प्याने," अश्विन म्हणाला. पडद्यावर धबधब्याचं चित्र होतं. ग्रामपंचायतीच्या सभागृहात बसलेल्या माणसांनी माना डोलावल्या. पाणी खाली येतं, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं.

अश्विन प्रकल्पाचा प्रशिक्षक म्हणून नागपूरहून आला होता. गावच्या तलावाची मातीची पाळ कोणत्या व्यवस्थापन पद्धतीने दुरुस्त करावी, हे तुलना करून ठरवायचं होतं. पाळीतून पाणी पाझरत होतं ते गेल्या पावसाळ्यापासून. यंदाचा पोळाही होऊन गेला होता आणि तलाव काठोकाठ भरला होता. पण प्रकल्पाच्या नियमात आधी प्रशिक्षण होतं, मग माती.

सरपंच भोजराज पहिल्या रांगेत बसला होता. त्याचं चित्त धबधब्यात नव्हतं. पाहुण्यांची गाडी आली तेव्हा ढोल वाजायला हवा होता, आणि वाजला नव्हता. शाल-नारळ मुकाट्याने द्यावे लागले होते. अशा स्वागताचा फोटोही नीट येत नाही.

"आता दुसरी पद्धत. अ‍ॅजाइल," अश्विन म्हणाला. "हिच्यात सगळं आधी ठरवत बसायचं नाही. थोडं काम करायचं, थांबायचं, काही बदललंय का ते बघायचं, पुढे जायचं." त्याने फळ्यावर दोन रकाने आखले. मग त्याला वाटलं, लोकांनाही बोलतं करावं. "याआधी तुमच्या गावात कोणती पद्धत होती?"

शेवटी मागून भय्याजी उठले. "ढोल होता जी."

"म्हणजे?"

"पाळीवर राखणदाराची खोपडी आहे ना, तिथं ढोल टांगला आहे. पाळ फुटाले आली का तो वाजवते. वाजला का घरटी एक माणूस फावडं घेऊन पाळीवर. जेवत असन त ताट सोडून."

"आणि नियोजन कोण करतं?"

"कायचं नियोजन? भगदाड दिसतेच ना जी."

सभागृह हसलं. अश्विनही हसला. त्याने तिसरा रकाना आखून त्यावर 'पारंपरिक' लिहिलं. लोकसहभागाला त्याने पूर्ण गुण दिले. अहवाल-लेखनाला शून्य.

मागच्या भिंतीशी देवकाबाई चहाचे कप भरत होती. राखणदार केवळराम तिचा नवरा. पाळीच्या खाली जी टोली, म्हणजे छोटी वस्ती होती, तिथे तिचं घर. घरात सून रीना आणि रीनाचं अजून बारसं न झालेलं बाळ.

तेवढ्यात ढोल वाजला.

लांबून, पाळीच्या बाजूने. पहिल्यांदा अडखळत, मग जोरात. भय्याजी अर्धे उठले. मग त्यांनी भोजराजकडे पाहिलं आणि परत बसले. काल संध्याकाळी भोजराजनेच देवळाच्या भोंग्यावरून गावाला सांगितलं होतं : उद्या ढोल वाजन तो पाहुण्यांच्या स्वागताचा आहे, फावडी घेऊन कोणी धावू नका, गावची शोभा होते.

भोजराजचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला. "घ्या साहेब, वाजवला बुढ्यानं! तुमच्यासाठीच आहे. डोळा लागला असन त्याचा."

अश्विनने ढोलाच्या दिशेने हात जोडले. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

देवकाबाईने किटली खाली ठेवली. "काहून गा भोजराज, तू त्याले वाजवाले सांगतलं होतं?"

"सांगतलं ना काकी."

"अन् तो काय म्हणला?"

केवळराम काय म्हणाला होता ते खोपडीत दोघांनीच ऐकलं होतं. मेलो तरी पाहुण्यासाठी वाजवणार नाही, असं म्हणाला होता. त्यावर भोजराज म्हणाला होता, नाही वाजवला त परवापासून राखणीले दुसरा माणूस येईन.

"मले त रात्री म्हणला, वाजवत नाही," देवकाबाई म्हणाली. "जेवलासुदिक नाही."

सगळे भोजराजकडे पाहायला लागले. अश्विनही हातात खडू धरून पाहत होता. ढोल आता ठेका सोडून वाजत होता.

"मंग मानला असन काकी," भोजराज हसला. "नोकरी कोणाले नको आहे? बसा. चहा द्या साहेबाले."

देवकाबाई बसली नाही. पदर खोचला आणि बाहेर पळाली. तिच्या धक्क्याने कपांचा ट्रे कलंडला. "बुढी सटकली," कोणीतरी म्हणालं. थोडं हसू झालं.

भोजराज उठून खिडकीशी गेला. सभागृह उंचावर होतं, तिथून टोली दिसायची. ढोल ऐकून लोक घराबाहेर आले होते. हातात फावडं कोणाच्याच नव्हतं. दोघी-तिघी डोक्यावर पदर घेऊन, कोणी मोठा माणूस येणार असल्यासारख्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. रीना दारात होती. तिने बाळाला उभं धरलं होतं, ढोलाकडे तोंड करून.

उताराच्या वाटेवर देवकाबाई दोन्ही हात हलवत पळत होती. ती अजून निम्म्यातही पोचली नव्हती.

ढोल मधेच थांबला.

भोजराजने खिडकी लावून घेतली.

"हं साहेब," तो म्हणाला, "आता आवाज नाही. बोला तुमी."