पढवलेला साक्षीदार

"आठवत नाही," तो माणूस सरळ म्हणाला, आणि वकीलसाहेबांना पहिल्यांदा अस्वस्थ वाटलं.

सगळी उमेदीची वर्षं कोर्टात गेलेली. पढवलेला साक्षीदार त्यांना वासावरून कळायचा. पढवलेल्याला सगळं आठवतं: शर्टाचा रंग, आभाळातले ढग, कुत्रं कुठल्या बाजूला भुंकलं ते. 'आठवत नाही' म्हणायला खराच माणूस लागतो.

दवाखान्याचं सभागृह गच्च भरलं होतं. दवाखाना वकीलसाहेबांनीच बांधलेला, बेपत्ता थोरल्या भावाच्या नावाने. वाचनालयही त्याच्याच नावाने, मुलींचं वसतिगृहही. दादा एका सकाळी फिरायला म्हणून घराबाहेर पडला तो परतलाच नाही. कायद्याला हवी तेवढी वर्षं वाट पाहून वकीलसाहेबांनी त्याला कोर्टाकडून मयत ठरवून घेतलं. वहिनींची साक्ष तेव्हा अशी झाली की न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मग दीर-भावजयीने दादाची सगळी इस्टेट लोकांच्या कामी लावली. हयातीत दादा दारच्या भिकाऱ्याला पाणी विचारत नसे. गेल्यावर मात्र मोठा दानशूर झाला. लोकांनी वकीलसाहेबांना डोक्यावर घेतलं, नगराध्यक्ष केलं, आणि आता पुन्हा निवडणूक तोंडावर आली होती.

नेमका अशात हा उगवला. सकाळी घड्याळजीच्या दुकानापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "काय रे टिकटिक्या, अजून पुढेच धावतात का तुझी घड्याळं?" घड्याळजीने दुकान उघडं टाकलं नि त्याच्या गळ्यात पडला. दुपारपर्यंत सगळा बाजार इथे लोटला.

वकीलसाहेबांची चांगलीच कोंडी झाली होती. हाच दादा म्हणावं, तर दवाखान्याच्या पायरीपासून सगळं त्याचं. हा दादा नव्हे म्हणावं, तर लोक म्हणणार, इस्टेट पचवायला सख्ख्या भावाला ओळख देईना. मग कुठली खुर्ची आणि कुठलं काय!

"बरं," वकीलसाहेब म्हणाले, "आपल्या पांढऱ्या घोडीचं नाव काय होतं?"

हा त्यांचा हुकमी सापळा. घोडी कधी नव्हतीच. पढवलेला इथे हमखास काहीतरी नाव ठोकून देतो.

"घोडी?" तो हसला. "आपल्या बापाने शेळी नाही पाळली कधी! तू सायकल मागितलीस, तर म्हणाले, पाय काय शोभेला दिलेत?"

सभागृह खदखदून हसलं. वकीलसाहेबांनी आवाज खाली आणला.

"माळ्यावर काय लपवलं होतं आपण?"

"आपण नाही, तू. बाबांची काठी. मार मात्र मी खाल्ला, नुसत्या हाताचा." त्याने गाल चोळला, जणू तो अजून हुळहुळत होता.

वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पापणीसुद्धा हलत नव्हती.

"अहो साहेब, शेळ्या-काठ्या पुरे!" घड्याळजी मागून ओरडला. "गेला त्या दिवशी काय झालं, ते विचारा की!"

तो माणूस वकीलसाहेबांकडे वळला. "विचार ना," अगदी मायेने म्हणाला.



"नको," वकीलसाहेब म्हणाले. "परत आलेल्याला का गेलास म्हणून विचारणारा मी कोण? माझा दादा आला, एवढं मला पुरे!" आणि त्यांनी त्याला मिठीत घेतलं.

टाळ्यांनी छत दणाणलं. घड्याळजी लहान पोरासारखा रडला. एकट्या वकीलसाहेबांना कळलं की मिठीतलं अंग पाण्यातून काढलेल्या दगडासारखं गार आहे. पंखा डोक्यावरच होता म्हणा.

हारतुरे चालू असतानाच ते वहिनींना घेऊन कंपाउंडरच्या खोलीत शिरले. दाराला कडी घातली.

"कमाल केलीत वहिनी! कुठल्या नाटक मंडळीतून आणलात? शेळीचंसुद्धा पढवलंत!"

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मी? मला तर वाटलं, भावोजी, तुम्ही आणलात. निवडणुकीसाठी."

"चेष्टा नको. काठीचं तुमच्याखेरीज कोणाला ठाऊक?"

"कसली काठी? मी आजच ऐकलं."

बाहेर कोणीतरी दादाच्या नावाचा जयजयकार केला.

"हे बघा," वकीलसाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "कोणीही असो, तो दादा नाही."

"नाहीच," वहिनी चटकन म्हणाल्या.

"तुम्हाला एवढी खात्री कशी?"

"आधी तुम्ही सांगा."

वकीलसाहेब स्टुलावर बसले. औषधाच्या बाटल्यांकडे बघत म्हणाले, "कारण जुन्या खाणीच्या कड्यावरून मी स्वतः ढकललंय त्याला."

वहिनी किंचाळल्या नाहीत. पदराने फक्त ओठ टिपले.

"माहीत आहे. मी झाडीत होते. तुम्ही पळालात तेव्हा ते कण्हत होते, भावोजी. मी खाली उतरले."

वकीलसाहेब ताडकन उठले. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे वाचवलंत तुम्ही त्याला! मी खुनी नाही! अहो, म्हणजे तोच आहे तो! खरंच दादा आहे!"

दारावर टकटक झाली. "अगं, ऐकलंस का?" बाहेरून आवाज आला. "दार उघड की. किती वेळ?"

वहिनी भिंतीला टेकल्या.

"भावोजी, मी हातात दगड घेऊन उतरले होते."