दार लागल्यावर

आजोबांच्या पाठीवर कातडीच्या दुर्मीळ कर्करोगाचा, लिम्फोमाचा चट्टा होता. किरणं नेमकी तिथेच पडावीत, म्हणून मशीनवरची ताई त्याभोवतीची पेनाची रेघ रोज गिरवायची. तिसऱ्या आठवड्यात चट्टा फिकटला, पण रेघ गिरवावीच लागेना. आदल्या दिवशीची तशीच ठळक असायची.

"घरी सूनबाई गिरवतात का?"

"छे, तिला तर बघवतही नाही. तूच की, पोरी. दार लागलं की परत येतेस."

"किरणं चालू असताना आत कुणीच थांबत नाही, आजोबा."

"असं? मग जी येते तिला सांग, हात फार गार आहेत."

ताईने बाहेर येऊन जाड दार लावलं, मशीन सुरू केलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आजोबा एकटेच पालथे पडले होते.

एकाएकी त्यांनी अंग चोरलं, आणि रेघ चट्टा सोडून हळूहळू मानेकडे निघाली.